‘परवानगीशिवाय प्रवेश बंद’ कशासाठी?

मी मालवण तालुक्यातल्या तोंडवलीचा. आमच्या भागातल्या चिरेखाणी उघड्या, वर आभाळ. चंद्रपूरच्या भूमिगत कोळसा खाणींचं तसं नाही, तिथला धोका डोळ्यांना दिसतच नाही. मिथेनला ना रंग, ना वास. हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते, म्हणून काडेपेटी, विडी बाहेरच ठेवायची. बंद पडलेल्या खाणीत तर हवा खेळवणारे पंखेही नसतात. तिथे गुदमरायला वेळ लागत नाही. उतरणाऱ्याचं नाव नोंदवतात, कारण अपघात झाल्यास खाली नेमके किती जण आहेत हे वर कळायला हवं. धनबादजवळच्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी घुसून ३७० हून अधिक कामगार गेले. तेव्हा मित्रांनो, ट्रेनिंगला गेलात तर आधी पाटी वाचा, नाव नोंदवा, मगच उतरा!