एक बाटली लावा की, सिस्टर!

"अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा की सिस्टर." ग्रामीण रुग्णालयात हे वाक्य मी रोज ऐकते. पेशंट स्वतःच्या पायांनी चालत आलेला असतो, जेवूनसुद्धा. "आजी, बाटलीत काय असतं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ताकद!"

नॉर्मल सलाईनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे 500 मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. बाकी पाणी. 5 टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर, जेमतेम शंभर कॅलरी. त्यापेक्षा एक भाकरी बरी.

जुलाब-उलट्यांनी पार गळालेल्या माणसाला मात्र हेच खारं पाणी वाचवतं. स्कॉटलंडमध्ये डॉ. थॉमस लॅटा यांनी 1832 सालीच कॉलऱ्याच्या रुग्णांच्या शिरेत क्षारांचं पाणी सोडलं होतं. पण ज्यांना पिता येतं, त्यातल्या बहुतेकांना ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी, पुरतं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते दाखवून दिलं.

लावण्याआधी मी बाटली उजेडात धरते. गढूळ दिसली, कण दिसले, दाबल्यावर थेंब झिरपला, की ती बाद. तारीख वाचते, नळीतली हवा काढते. हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर थेंब मोजून लावते, कारण जादा पाणी फुफ्फुसांत साठून धाप लागते. आणि नातेवाईक? "लवकर घरी जायचंय" म्हणत माझी पाठ फिरताच नळीवरचं चाक सैल करतात! त्या चाकाला हात लावू नका. सुईची जागा लाल झाली, सुजली, ठणकली तर लगेच हाक मारा.