वाट राखणारी माणसं

उरण म्हटलं की डोळ्यांपुढे कंटेनरच्या रांगा येतात, बंदराच्या क्रेन येतात, ओएनजीसीचा प्रकल्प येतो आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही येतो. डोंगर सहसा कुणाला आठवत नाही. पण करंजाच्या अंगाला द्रोणागिरीचा किल्ला उभा आहे. पूर्वेला चिरनेरच्या पाठीशी अक्कादेवीचं रान आहे, जवळच डोंगरांच्या कुशीत रानसईचं धरण आहे, आणि ही रांग ओलांडली की पनवेल तालुक्यात कर्नाळ्याचा सुळका लागतो. रानसईचं पाणी उरणच्या नळांना येतं. त्यामुळे या डोंगरांवरची माती जागेवर राहते की वाहून धरणात जाऊन बसते, हा उरणच्या प्रत्येक घराचा प्रश्न आहे.

आणि डोंगरावरची माती सुटायला सुरुवात होते, ती पुष्कळदा पायवाटेपासून.

हे नीट समजून घ्यायला हवं. आपल्या डोंगरांत काळ्या कातळावर मातीचा थर पातळ असतो. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. माणसांच्या येण्याजाण्यानं वाटेवरचं गवत मरतं आणि माती दाबली जाऊन घट्ट होते. अशा मातीत पाणी मुरत नाही, ते वाटेनंच उताराला धावतं. पहिल्या पावसाळ्यात वाटेच्या मधोमध एक घळ पडते. दुसऱ्या पावसाळ्यात माती जाऊन दगडगोटे उघडे पडतात. चालणाऱ्याला ते टोचतात, म्हणून तो कडेच्या गवतातून जातो. मग तिथलं गवत मरतं. अशा रीतीनं एका वाटेच्या तीन वाटा होतात, झाडांची मुळं उघडी पडतात आणि एखाद्या वादळी रात्री ते झाड आडवं होतं. वळणावळणानं चढणाऱ्या वाटेवर उतरताना तरुण मुलं वळण टाळून सरळ खाली घसरत येतात. पाण्यालाही तसंच सरळ खाली जायचं असतं. मुलांनी पाडलेली ती आडवाट पुढच्या जूनमध्ये ओहोळ झालेली असते.

याच्यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे, फक्त तो दरवर्षी करावा लागतो. वाट दरीच्या अंगाला किंचित उतरती ठेवायची, म्हणजे पाणी तिच्यावरून लांब न धावता लगेच बाहेर पडतं. चढ असेल तिथे ठरावीक अंतरावर वाटेला तिरपे छेदणारे दगड पुरायचे, त्यांचा मोठा भाग जमिनीत आणि थोडासाच वर. त्या दगडाशी अडलेलं पाणी एका चरातून बाजूच्या झाडोऱ्यात सोडायचं. फार उभा चढ असेल तर तिथलेच दगड उभे बसवून पिचिंग करायचं. आडवाटांच्या तोंडाशी काटेरी फांद्या आणि दगड टाकून त्या बंद करायच्या. आणि मे महिन्यात प्रत्येक चर पालापाचोळा काढून मोकळा करायचा. हे शेवटचं काम सगळ्यांत क्षुल्लक दिसतं आणि सगळ्यांत महत्त्वाचं असतं. चर तुंबलेला राहिला, तर जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत पाणी पुन्हा वाटेवर येतं आणि वर्षभराची मेहनत एका दुपारी खाली जाते.

या कामाला पहार, टिकाव, फावडं, घमेलं आणि कोयता पुरतो. मोठं यंत्र लागत नाही, पण डोंगराचं पाणी वाचता येणारा माणूस लागतो. नाणेघाटातली जुनी दगडी फरसबंदी किंवा आपल्या गडांच्या पायऱ्या पाहिल्या, की हे ज्ञान आपल्याकडे किती पूर्वीपासून होतं ते कळतं. अलीकडे मात्र वाट खराब झाली की सिमेंटच्या पायऱ्या ओतायची घाई होते. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. सिमेंटखालून पाणी वाट काढतं, आतली माती धुऊन नेतं आणि पायरी पोकळ होऊन मोडते. मग ते तुकडे रानात कायमचे पडून राहतात. माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाही, हा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डोंगरातल्या वाटेची डागडुजी हा साधा विषय नाही, हे त्यावरून लक्षात यावं.

मग हे काम आपल्याकडे करतं कोण? वनखात्याच्या उतरंडीत परिक्षेत्राचा प्रमुख वनक्षेत्रपाल, त्याच्या हाताखाली परिमंडळाचा वनपाल आणि सर्वांत खाली नियतक्षेत्राचा, म्हणजे बीटचा वनरक्षक. वृक्षतोड रोखणं, शिकारीचे फास शोधणं, वणवा विझवणं, अतिक्रमणाचे पंचनामे, रोपवन, प्राणिगणना, पर्यटकांची वर्दळ, वाट चुकलेल्यांचा शोध, हे सगळं त्या एका माणसाच्या अंगावर असतं. आता अनेक ठिकाणी वनरक्षक मुली आहेत आणि त्या हेच सगळं करतात. पण टिकाव प्रत्यक्ष ज्याच्या हातात असतो, तो वनमजूर. बहुतेकदा तो डोंगराखालच्या कातकरी किंवा ठाकूर वाडीतला असतो, आणि पुष्कळदा काम असेल तेवढ्याच दिवसांच्या रोजंदारीवर. पायवाट राखणं हे कुणाच्याच पदाचं मुख्य काम नाही. इतर कामांतून वेळ उरला तर ते होतं.

कर्नाळ्याचं उदाहरण घेतलं तर हे अधिक स्पष्ट होतं. १९६८ साली जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पक्षी अभयारण्य. सुरुवातीला त्याचं क्षेत्र जेमतेम ४.४८ चौरस किलोमीटर होतं. पुढे ते वाढून सुमारे १२ चौरस किलोमीटर झालं. अभयारण्याच्या अंगातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. दोनशेहून अधिक जातींचे पक्षी इथे नोंदले गेले आहेत. हरियाल आणि मोरटाका या निसर्गवाटा आहेत, आणि किल्ल्यावर जाणारी चढाची वाट आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं शिरढोण इथून जवळच. त्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते. पावसाळ्यातल्या रविवारी मुंबई, नवी मुंबई, पनवेल, उरण सगळीकडची माणसं या तीन वाटांवर येतात. एवढ्याशा रानात वाट दोन्ही बाजूंना हातभर जरी रुंदावली, तरी त्या पट्ट्यातली रोपं, किडे, सरडे आणि पालापाचोळ्यात चरणारे पक्षी यांची जागा जाते.

किल्ल्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. सुळक्याजवळ आरडाओरडा, धूर किंवा दगडफेक झाली की माश्या उठतात. त्यांच्या हल्ल्यात माणसं जखमी झाल्याच्या घटना कर्नाळ्यात घडलेल्या आहेत. अशा वेळी अरुंद वाटेवरून जखमीला खाली आणायचं म्हणजे वाटेचा प्रत्येक दगड पक्का असावा लागतो.

रान राखण्याचं आणि वाट राखण्याचं काम एकमेकांत किती गुंतलेलं आहे, हे तिबोटी खंड्या पाहिल्यावर कळतं. चिमणीपेक्षाही लहान, निळ्या-जांभळ्या-केशरी रंगांचा हा पक्षी रायगडचा जिल्हा पक्षी आहे. पावसाबरोबर तो कोकणात येतो आणि ओढ्याकाठच्या किंवा वाटेच्या कडेच्या मातीच्या दरडीत आडवं बीळ करून अंडी घालतो. म्हणजे वाट रुंद करायला जी दरड तासली जाते, तीच त्याच्या घराची जागा. म्हणून दरडीला हात लावायचा तो पावसाआधीच, आणि जिथे जुनी बिळं दिसतात ती दरड तशीच सोडायची. जून ते सप्टेंबर तिथे टिकाव चालवायचा नाही. वाटेवरचं कुठलं काम कोणत्या महिन्यात करू नये, हे कळणारा माणूसच खरा राखणदार.

रानाचं वेळापत्रक फार काटेकोर असतं. पाऊस संपला की पडलेली झाडं वाटेवरून बाजूला करायची, माजलेलं गवत छाटायचं. ओढ्यांना पाणी आहे तोवर रिकाम्या गोणींत माती भरून वनराई बंधारे घालायचे, म्हणजे पुढे काही महिने भेकराला आणि पाखरांना पाणी मिळतं. याच दिवसांत रानमोडी आणि घाणेरी उपटायची. या दोन्ही वनस्पती बाहेरून आलेल्या. ऊन मिळालं की त्या फोफावतात, आणि खराब झालेली, रुंदावलेली पायवाट त्यांना आयतं ऊन देते. नुसतं छाटून भागत नाही, त्या पुन्हा फुटतात. मुळासकट काढाव्या लागतात, आणि तेही बी धरायच्या आत.

थंडी सरताना जाळरेषांचं काम येतं. ठरलेल्या पट्ट्यातलं गवत कापून ते देखरेखीखाली जाळून टाकायचं, म्हणजे वणवा आला तरी त्याला त्या पट्ट्यापलीकडे जायला काही उरत नाही. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात, म्हणून जाळरेषा त्याआधी तयार व्हाव्या लागतात. आता उपग्रहावरून आगीची सूचना थेट वनरक्षकाच्या मोबाइलवर येते. पण सूचना आली तरी आग विझवायला डोंगर पायीच चढावा लागतो. हिरव्या डहाळ्यांनी झोडपून किंवा पाठीवरच्या ब्लोअरनं पाला बाजूला सारून आग विझवतात. त्या क्षणी नीट राखलेली पायवाट दोन कामं करते. माणसं वेळेत आगीपर्यंत पोचतात, आणि पाला झाडून स्वच्छ केलेली वाट स्वतःच जाळरेषा ठरते. बहुतेक वणवे माणूसच लावतो. जाळल्यानं पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं असा समज, मधासाठी केलेला धूर, फेकलेली विडी. गवतात अंडी घालणारे लावे आणि ऐन-किंजळीची कोवळी रोपं त्यात एका रात्रीत संपतात.

उरणच्या माणसाला या विषयात आणखी एका कारणानं आस्था असायला हवी. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या रानात चिरनेर परिसरातल्या गावकऱ्यांनी जंगल सत्याग्रह केला. ज्या रानावर पिढ्यान्‌पिढ्या जगलो, तिथला लाकूडफाटा तोडणं गुन्हा का, हा त्यांचा प्रश्न होता. पोलिसांनी गोळीबार केला. आठ गावकरी हुतात्मा झाले, त्यांत नाग्या महादू कातकरी होता. पुढे चाललेल्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आरोपींची बाजू मांडली. चिरनेरला हुतात्म्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी त्या दिवशी तिथे मानवंदना दिली जाते.

त्यानंतर सुमारे दीड वर्षानं, २४ एप्रिल १९३२ रोजी, इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट या डोंगरावर कामगार तरुण बंदी मोडून चढले. तो डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. दोन्ही घटना एका मापाच्या नाहीत. चिरनेरला माणसं मेली आणि प्रश्न पोटाचा होता, तिथे प्रश्न मोकळ्या हवेचा होता. पण पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. १९५१ मध्ये तो डोंगर ब्रिटनच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात आला. तिथे रेंजर नेमले गेले, आणि वाटा राखणं हे त्यांचं रीतसर काम ठरलं. १९६५ मध्ये खुली झालेली पेनाइन वे ही सुमारे ४३० किलोमीटरची पायवाट तिथूनच सुरू होते. चालणाऱ्यांच्या पायांनी तिथली मऊ दलदलीची जमीन चिखल झाली, तेव्हा लँकशायरच्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या फरशा हेलिकॉप्टरनं नेऊन वाटेवर अंथरल्या. इंग्लंडमधल्याच लेक डिस्ट्रिक्ट भागात ‘फिक्स द फेल्स’ या उपक्रमात स्वयंसेवक वर्षभर डोंगरवाटांवर फिरून चर मोकळे करतात. म्हणजे मे महिन्यात आपल्या वनमजुरानं करायचं तेच काम.

तिथली हेलिकॉप्टर इथे आणा, असं माझं म्हणणं नाही. घेण्यासारखं आहे ते एवढंच, की वाट ही तिथे कायम देखभालीची वस्तू मानली जाते. तिच्यासाठी ठरलेली माणसं असतात, ठरलेला पैसा असतो. आपल्याकडे वाट बांधायला निधी मिळतो, राखायला मिळत नाही. कर्नाळा, द्रोणागिरी आणि चिरनेर-रानसईच्या डोंगरांतल्या प्रत्येक मुख्य वाटेला तिथल्याच वाडीतला एक वाटराख्या नेमावा, बारा महिन्यांच्या पगारावर, हातात चांगली अवजारं आणि पायांत चांगले बूट देऊन. ज्या गावकऱ्यांनी आणि कातकऱ्यांनी या रानासाठी गोळ्या झेलल्या, त्यांच्या नातवंडांना या रानातलं स्थिर काम मिळणं हा त्यांचा हक्क आहे. ओढा कुठून फुटतो, खंड्या कुठल्या दरडीत बीळ करतो, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

अटल सेतूनं आणि उरणच्या लोकलनं मुंबई या डोंगरांच्या जवळ आणली आहे. गर्दी वाढणार, आणि ती वाढावी. माणसं रानात आली तरच त्यांना रानाबद्दल काही वाटेल. वाचकांना विनंती एवढीच. येत्या पावसाळ्यात कर्नाळ्याला किंवा द्रोणागिरीला जाल तेव्हा वाट चिखलाची असली तरी मधूनच चाला, बूट धुता येतात. वळण तोडून उतरू नका. दरडीत बीळ दिसलं तर कॅमेरा पिशवीत ठेवून पुढे जा. आणि वाटेवरचा एखादा चर पाल्यानं तुंबलेला दिसला, तर मिनिटभर थांबा आणि तो पाला काढून बाजूला टाका.