बातमीदाराचा जनसंपर्काधिकारी होतो तेव्हां

हिंवाळा आला कीं नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागांत विधिमंडळाच्या अधिवेशनाची गर्दी उसळते. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झाल्यावर, विधिमंडळाचें एक अधिवेशन येथें भरविण्याचा परिपाठ पडला. त्या गर्दींत दोन प्रकारचीं माणसें हातांत कागद घेऊन धांवतांना दिसतात. एक प्रश्न विचारणारा बातमीदार आणि दुसरा त्याला माहिती पुरविणारा जनसंपर्काधिकारी. या दुसऱ्याची चौकशी करावी, तर पुष्कळदां असें आढळतें कीं, कांहीं वर्षांपूर्वीं तोहि पहिल्याच्याच रांगेंत उभा होता. टेबलाच्या अलीकडून पलीकडे जातांना माणसाचें काय बदलतें आणि काय बदलूं नये, याचा आज आपण थोडा विचार करूं.

वृत्तपत्रांचें वळण नागपूरला जुनें आहे. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं येथें ‘हितवाद’ काढला. १९४४ पासून माडखोलकरांनीं ‘तरुण भारत’चें संपादकत्व केलें. १९५२ सालीं अमेरिकेंतील प्राध्यापक रोलंड वुल्सली येथील हिस्लॉप कॉलेजांत आले आणि पत्रकारितेच्या रीतसर शिक्षणाचा पाया घातला गेला. परंतु कॉलेजांत असो वा छापखान्याच्या शेजारच्या खोलींत असो, बातमीदाराचा पहिला धडा एकच असतो: ऐकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणीं ताडून पाहिल्यावांचून लिहूं नये.

कारखाने, विद्यापीठें, महापालिका आणि सरकारी खातीं यांना हा मनुष्य हवासा वाटतो, याचीं कारणें उघड आहेत. बातमी कशाला म्हणतात हें त्याला कळतें. अंक छापावयास केव्हां जातो हें त्याला ठाऊक असतें. दहा पानांचा अहवाल दहा ओळींत सांगणें त्याच्या अंगवळणीं पडलेलें असतें. मात्र पगार आतां संस्थेच्या तिजोरींतून येतो, आणि खरा पेंच येथूनच सुरू होतो.

या पेंचाचें बोधप्रद उदाहरण म्हणून आयव्ही ली या अमेरिकन गृहस्थाकडे पाहावें. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतून बातमीदारी करून तो या व्यवसायांत आला. १९०६ सालीं कोळशाच्या खाणमालकांचें काम करीत असतां त्यानें संपादकांना एक निवेदन पाठविलें. आमचें काम उघडपणें चालेल, माहिती अचूक असेल आणि ती पडताळून पाहण्यास आम्ही साह्य करूं, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षीं २८ ऑक्टोबर रोजीं अटलांटिक सिटीजवळ एक आगगाडी पुलावरून पाण्यांत कोसळली आणि पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं. अपघात झांकण्याची रेल्वे कंपन्यांची जुनी रीत सोडून लीनें स्वतः माहितीपत्रक काढलें. कंपनीची त्यांत हानि झाली नाहीं. उलट तिच्या शब्दाला वजन आलें.

आठच वर्षांनीं चित्र पालटलें. १९१४ सालीं कोलोरॅडोंतील लडलो येथें संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला होऊन स्त्रिया व मुलेंहि मेलीं. मालक रॉकफेलर यांच्या बाजूनें लीनें जीं पत्रकें काढलीं, त्यांत संपाच्या पुढाऱ्यांना मिळणाऱ्या पैशांचे आंकडे भरमसाट फुगलेले होते. पुढें चौकशी आयोगापुढें त्याला कबूल करावें लागलें कीं, कंपनीनें पुरविलेली माहिती आपण पडताळून पाहिली नव्हती. बातमीदाराचा पहिलाच धडा तो विसरला होता. १९३४ सालीं तो वारला. त्याच्या नांवाला लागलेला डाग मात्र आजतागायत पुसला गेलेला नाहीं.

आतां ही गोष्ट आपल्या घराजवळ आणून पाहूं. वेस्टर्न कोलफील्ड्सचें मुख्य ठाणें नागपुरांत आहे आणि उमरेड, सावनेर या बाजूंना कोळशाच्या खाणी आहेत. समजा, एखाद्या खाणींत छत ढांसळलें. फाटकाशीं बायकामाणसें जमलीं आहेत आणि टेलिफोन सारखा वाजतो आहे. अशा वेळीं ‘कांहीं झालेलें नाहीं’ असें सांगणारा अधिकारी अफवेलाच वाट करून देतो. शहाणा अधिकारी जेवढें नक्की आहे तेवढेंच सांगतो. जें कळलेलें नाहीं, तें कळलेलें नाहीं म्हणून सांगतो आणि पुढची माहिती किती वाजतां देऊं, याचा शब्द देऊन तो पाळतो. मृतांचीं नांवें तो आधीं घरच्यांना कळवितो, मग वृत्तपत्रांना.

परंतु त्याचें अधिक अवघड काम बंद दाराआड असतें. वरिष्ठ म्हणतात, ‘एवढें वगळा.’ त्या वेळीं त्यानें शांतपणें विचारावें लागतें, ‘साहेब, उद्यां हें बाहेर आलें तर?’ आंतला शब्द बाहेर नेणें हें त्याचें अर्धें काम झालें. बाहेरचा प्रश्न आंत नेणें हें दुसरें अर्धें, आणि त्यासाठीं कोणी शाबासकी देत नाहीं.

तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरींत अशा माणसाजवळ सांठतें तें काय? मानपत्रें कपाटांत पडून राहतात. रात्रीं अकरा वाजतां एखादा तरुण उपसंपादक फोन करून विचारतो, ‘हें खरें आहे का?’ आणि मिळालेल्या उत्तरावर अंक छापावयास सोडतो. तो विश्वास हीच त्याची पुंजी होय. ती एका रात्रींत जमत नाहीं. जाते मात्र एकाच उत्तरानें.