मेघावरील खतावणी

मलकपेठचा बाजार कांद्यासाठी व मिरचीसाठी हैदराबादेत प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातून निघालेल्या कांद्याच्या गाड्या येथे रित्या होतात. मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत येथे भाव ठरतात. या साऱ्या गजबजाटात एक वस्तू अशी आहे की, जिच्यावाचून कोणाचेच चालत नाही. ती म्हणजे आडत्याची वही. कोणाच्या किती गोण्या आल्या, कोणत्या भावाने गेल्या, पट्टी किती निघाली, हे सारे त्या वहीत असते. गोणी हरवली तर ती शोधता येईल; परंतु वहीतील ओळ हरवली, तर शेतकऱ्याच्या चार महिन्यांच्या श्रमाला पुरावाच उरत नाही.

अशा वह्या आता ‘क्लाउड’वर ठेवल्या जातात, असे आमचे विद्यार्थी घरीदारी ऐकतात. तेव्हा हा क्लाउड म्हणजे काय आणि तेथे वही व तिचा कारकून यांची स्थापना कशी करतात, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

क्लाउड म्हणजे ढग खरा; परंतु या ढगात आकाशातले काहीच नाही. मोठमोठ्या इमारती, त्यांत मांडण्यांवर रचलेले हजारो संगणक, त्यांना अखंड वीज, थंड हवा आणि जगाशी जोडणाऱ्या तारा, एवढाच त्याचा देह होय. या संगणकांची शक्ती लागेल तेवढी भाड्याने मिळते. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या कंपनीने असा विभाग २०१६ साली मुंबईस आणि २२ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादेस सुरू केला. हैदराबादच्या विभागात एकमेकांपासून दूर ठेवलेली तीन स्वतंत्र केंद्रे आहेत. ती तीन का, ते पुढे कळेल.

आता समजा, कांद्याच्या विक्रीची नोंद ठेवणारी एक छोटी संगणकीय सेवा आपणांस उभारावयाची आहे. जी सेवा एकच काम करते व इतर कामे इतर सेवांवर सोपविते, तिला मायक्रोसर्व्हिस म्हणतात. तिचे दोन भाग मानावे. पहिला कारकून, म्हणजे प्रोग्राम. दुसरी वही, म्हणजे डेटाबेस. या विषयाचे सारे मर्म एका वाक्यात सांगता येते: कारकून कितीही असावेत, परंतु वही एकच असावी, आणि कारकुनाने वहीबाहेर, आपल्या डोक्यात, काहीही ठेवू नये. असा कारकून मध्येच निघून गेला तरी नुकसान होत नाही. दुसरा येतो, वही उघडतो आणि पुढे लिहू लागतो.

स्थापनेचा क्रमही यावरूनच ठरतो. प्रथम वही मांडून तिचे रकाने आखतात. नंतर प्रोग्राम व त्यास लागणारे सर्व साहित्य एका बंद पेटीत भरतात. या पेटीस कंटेनर म्हणतात. २०१३ साली आलेल्या डॉकर या साधनाने ही रीत सर्वत्र रूढ केली. एकदा भरलेली पेटी कोणत्याही संगणकावर उघडली तरी सारखीच चालते. मात्र वहीच्या कपाटाची किल्ली, म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड, या पेटीत कधीही ठेवू नये. पेटीच्या प्रती अनेकांच्या हातांतून जातात. म्हणून किल्ली वेगळ्या तिजोरीत ठेवतात आणि कारकून कामावर रुजू होताना त्याच्या हाती देतात.

नवा कारकून आला की लगेच गिऱ्हाईक त्याच्यापुढे उभे करीत नाहीत. “तयार आहेस ना?” असे क्लाउडची यंत्रणा त्यास विचारते. वहीपर्यंत आपला हात पोहोचतो, याची खात्री झाल्यावरच त्याने होकार द्यावयाचा. मग एकेक जुना कारकून रजा घेतो व एकेक नवा बसतो. बाजार क्षणभरही बंद पडत नाही. या काळात जुने व नवे दोघेही त्याच वहीत लिहीत असतात. म्हणून नवा रकाना आधी वाढवावा, आणि जुना रकाना शेवटचा जुना कारकून गेल्यावरच खोडावा. हा क्रम चुकला, तर लिहिणारे हात थबकतात.

गर्दीच्या दिवशी क्लाउडचा खरा उपयोग कळतो. २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविन या लसनोंदणी सेवेची दारे उघडली. प्रारंभी ती काही काळ अडखळली. तरी त्या एका दिवसात एक कोटीहून अधिक लोकांची नोंदणी झाली. अशा वेळी कारकुनांची संख्या घटकेत वाढविता येते. पण येथेही तारतम्य हवे. एका वहीभोवती किती हात शिरणार? पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये मुळात शंभर जोडण्यांचीच मर्यादा घातलेली असते. कारकून भरमसाट वाढविले, तर वहीचाच श्वास कोंडतो.

चांगल्या वहीचा आणखी एक गुण आहे. चाळीस गोण्या साठ्यातून वजा करणे आणि त्यांची रक्कम शेतकऱ्याच्या नावे जमा करणे, या दोन नोंदी ती एकाच गाठीत बांधते. मध्येच वीज गेली, तर दोन्ही रद्द होतात. अर्धवट व्यवहार राहत नाही. म्हणजे गोण्या गेल्या आणि पैसे मात्र लिहिले गेले नाहीत, असा अन्याय यंत्राकडून घडत नाही.

आता तीन केंद्रांचे कारण पाहू. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबादेत हाहाकार उडविला. नदीकाठच्या घरात वही आणि तिची नक्कल एकाच पेटीत असेल, तर एकच लाट दोन्ही नेणार! १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीची अशी एक इमारत जळाली, तेव्हा ज्यांच्या नकला दुसरीकडे नव्हत्या त्यांची माहिती कायमची गेली. परंतु केवळ नक्कल असणेही पुरेसे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका तंत्रज्ञाच्या हातून चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. नकलांच्या अनेक व्यवस्था होत्या. पण प्रसंगी बहुतेक निकामी निघाल्या आणि सुमारे सहा तासांच्या नोंदी नष्ट झाल्या. नक्कल उघडून, वाचून पाहिल्यावाचून तिच्यावर विसंबू नये, हा याचा बोध.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काहीजण पुढे अशा सेवा उभारतील. पेट्या, तिजोऱ्या व केंद्रे यांची नावे काळाबरोबर बदलतील. परंतु वहीतील प्रत्येक ओळीमागे कोणीतरी माणूस असतो. बहुधा तो दूर गावी असतो आणि आपली ओळ सुरक्षित आहे या विश्वासाने निश्चिंत झोपतो. त्या विश्वासास पात्र ठरणे, हेच या विद्येतील पहिले आणि शेवटचे कर्तव्य होय.