पाटीवरचा 'जय मीम'

पहिली-दुसरीतल्या मुलाच्या हाती पाटी देऊन 'जय भीम' लिहायला सांगा. पुष्कळ घरांत पाटीवर 'जय मीम' उमटते. 'धम्म'चा 'घम्म' होतो. मग आई रागावते, वडील टपली मारतात आणि शाळेत एक शब्द ठरलेलाच असतो, ढ. तो एकदा मनात बसला की मूल पाटीच लपवू लागते.

वास्तविक हा बुद्धीचा दोष नव्हे. आपली अक्षरेच फसवी आहेत. म, घ, य यांच्यावरची रेघ अखंड असते. भ, ध, थ यांच्या डोक्यावर डावीकडे गाठ असते आणि तिथे रेघ तुटते. मूल शब्द लिहून झाल्यावर वरून एक लांबलचक रेघ ओढते, गाठ झाकली जाते आणि भीमचा मीम होतो!

म्हणून भगिनींनो, म आणि भ एकाच दिवशी शेजारी शेजारी शिकवू नका. आधी मका, मडके, माय यांतला म पक्का होऊ द्या. आठ-दहा दिवसांनी भाकर, भात, भीम घ्या. अंगणातल्या मातीत बोटाने हातभर मोठा भ काढायला लावा. "गाठीपासून सुरुवात कर, वरची रेघ गाठीला शिवू देऊ नको," एवढेच सांगत राहा. परातीत ज्वारीचे पीठ पसरूनही हे जमते.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डी-शेवगावकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला जातात. मुले सोबत गेली तर शाळा बुडते आणि अर्धवट शिकलेली अक्षरे विसरतात. कोपीसमोरच्या मातीतही हा सराव होईल. गुरुजींकडून पुठ्ठ्यावर मोठी अक्षरे लिहून घ्या. गाठ आहे का, रेघ तुटली आहे का, हे वाचता न येणाऱ्या आईलाही तपासता येते.

ब-भ, द-ध, ट-ठ यांची चूक मात्र बहुधा कानाची असते. तळहात तोंडासमोर धरून 'ब' आणि 'भ' म्हणायला सांगा. भ म्हणताना हाताला जोराचा वारा लागतो.

आणि ते 'ढ'? सम्राट अशोकाच्या ब्राह्मी लेखांतला ढ जवळजवळ आजच्यासारखाच आहे. बाकीची अक्षरे बदलली, ढ तसाच राहिला, म्हणून मंद मुलाला ढ म्हणू लागले, असे सांगतात. बावीसशे वर्षे टिकून राहिलेल्या अक्षराची ही किंमत!

मूल तिसरीत गेले तरी गोंधळ कायम असेल, वाचतानाही ते अडखळत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग मुख्याध्यापकांना भेटा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. भेटायला जाताना मुलाच्या जुन्या वह्या सोबत न्या, खोडरबराने काही पुसू नका.