पदवीच्या रकान्यातली रेघ

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी दारात उभा राहिला. हातात नोकरीचा अर्ज. "सर, एवढा एकदा बघता का?" मी पाहिले. 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यात 'बारावी उत्तीर्ण' असे लिहून पुढे त्याने आडवी रेघ ओढली होती.

त्या रेघेशी माझाही संबंध होता. बी. ए.च्या तिसऱ्या वर्षी त्याचे वडील आजारी पडले आणि घर चालवायला तो एका यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळीला जाऊ लागला. हजेरी ७५ टक्के भरली नाही, परीक्षा हुकली. त्या यादीखाली सही माझी होती. भिवंडीच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्याला असा मुलगा नवा नाही. तरी चौकशी करायचे मला सुचले नव्हते.

"कारखान्यात काय करतोस?" मी विचारले.

"काही नाही सर, लिहिणं-बिहिणं."

खोदून विचारल्यावर उलगडा झाला. कोणत्या मागावर किती मीटर कापड निघाले, तपासणीत किती तागे बाद झाले, कुणाची मीटरप्रमाणे किती मजुरी झाली, ही सारी वही तोच ठेवीत होता! आणि अर्ज होता मानकोलीच्या एका गोदामात मालाची आवक-जावक नोंदणाऱ्या कारकुनाच्या जागेसाठी!

"नुसतं 'बी. ए.' लिही, कोण बघतंय," असे एका मित्राने त्याला सुचवले होते. मी म्हटले, "अरे, खोटं पकडलं गेलं, की खऱ्या दोन वर्षांचंही मोल जातं." आम्ही रेघ खोडली आणि लिहिले : 'बी. ए. प्रथम व द्वितीय वर्ष उत्तीर्ण, तृतीय वर्ष अपूर्ण.' गुणपत्रिका जोडल्या. त्याखाली वहीचे काम सविस्तर मांडले.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत, म्हणून चित्रकला सुटली. पण तिथे शिकलेल्या यंत्ररेखनावर त्यांना व्ही. जे. टी. आय.मध्ये शिक्षकाची जागा मिळाली. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. अर्धवट सुटलेल्या शिक्षणातूनही हाती काहीतरी उरते. ते काय, हे आधी आपल्याला सांगता आले पाहिजे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची वाट ठेवली आहे. या मुलाचा अभ्यासक्रम जुना, त्याला ती मिळाली नाही. पण नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करून शिकणाऱ्यांना पदवीपर्यंत नेत आहे. तेव्हा आईबापांनो, घरात असा मुलगा असेल, तर 'शिक्षण सोडलंस' हे त्याला रोज ऐकवू नका. 'किती झालं, किती राहिलं' एवढे विचारा. मीही हल्ली हजेरीच्या यादीवर सही करण्याआधी मुलाला बोलावून घेतो.

त्याची नेमणूक झाली. परवा तो मुक्त विद्यापीठाचा प्रवेशअर्ज दाखवायला आला. शैक्षणिक पात्रतेचा रकाना त्याने मला न विचारताच भरला होता.