दिवस उजाडला की खोल पाण्यात पळायचं! डोळ्यांना जेमतेम दिसणारे हे जीव रोज एवढा प्रवास का करतात?

संध्याकाळ झाली की कोयनानगरच्या डोंगरांवर अंधार उतरायला लागतो. तिकडे तापोळा, बामणोलीच्या बोटी काठाला लागतात आणि शिवसागर जलाशय शांत होतो. म्हणजे वरून तरी तसंच दिसतं.

पाण्याखाली मात्र अशा जलाशयांत नेमकी याच वेळी वर्दळ सुरू होते. दिवसभर खोल पाण्यात दडून बसलेले असंख्य सूक्ष्म जीव वर यायला निघतात. रात्रभर पृष्ठभागाजवळ खातात आणि पहाट व्हायच्या आत पुन्हा खाली जातात. समुद्र आणि तलाव दोन्ही धरले, तर वजनाच्या हिशोबात प्राण्यांचं हे जगातलं सगळ्यात मोठं स्थलांतर आहे. आणि ते रोज होतं.

हे जीव आहेत तरी कोण?

यांना म्हणतात प्राणीप्लवक. गोड्या पाण्यात यात प्रामुख्याने रोटीफर, कोपेपॉड आणि पाणपिसू म्हणजेच डॅफ्निया येतात. ते पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ खातात आणि मासे त्यांना खातात. माशांच्या पिल्लांचं तर हे पहिलं जेवण. थोडक्यात, शेवाळ आणि मासे यांच्यामधला दुवा म्हणजे हे जीव.

डॅफ्निया साधारण दोन मिलिमीटरची. ती 10 मीटर खाली गेली तर स्वतःच्या लांबीच्या 5 हजार पट अंतर कापते. साडेपाच फूट उंचीच्या माणसाच्या हिशोबात हे झालं 8 किलोमीटरहून जास्त. तेही पोहत, आणि रोज जाऊन-येऊन!

मग वरच का राहत नाहीत?

खरं तर वर राहण्यातच फायदा आहे. सूर्यप्रकाश वर, त्यामुळे शेवाळ वर, म्हणजे जेवणही वर. शिवाय वरचं पाणी उबदार, त्यात वाढ लवकर होते आणि अंडी लवकर उबतात. खाली गेलं की थंडी आणि उपासमार. म्हणजे खाली जाणं हा उघड तोट्याचा सौदा.

तरीही ते जातात, कारण वर मासे आहेत. प्राणीप्लवक खाणारे बहुतेक मासे डोळ्यांनी बघून शिकार करतात. उजेडात दिसलात की संपलात. त्यामुळे हिशोब सरळ आहे. पोट अर्धं राहिलं तरी चालेल, जीव वाचला पाहिजे.

हे सिद्ध कसं झालं?

पोलंडचे शास्त्रज्ञ मॅचेय ग्लिविच यांनी टाट्रा पर्वतातले तलाव तपासले. काही तलावांत मासे हजारो वर्षांपासून होते, काहींत माणसाने नंतर सोडलेले, तर काहींत मासे नव्हतेच. कोपेपॉडची जात मात्र एकच. 1986 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : जिथे मासे नाहीत, तिथे हे जीव खाली-वर करतच नाहीत. आणि जिथे मासे जितके जुने, तिथे हा प्रवास तितका मोठा.

आता प्रश्न असा, की मासे आहेत हे त्यांना कळतं कसं? तर वासाने. 2019 मध्ये जर्मन संशोधकांनी डॅफ्नियाला सावध करणारं रसायन ओळखलं. कार्प कुळातल्या माशांच्या पित्तात असलेला हा क्षार चरबी पचवायला लागतो आणि तो पाण्यात मिसळतो. आपल्याकडचे रोहू, कटला, मृगळ याच कुळातले. पचनासाठी पित्त लागणारच, त्यामुळे माशाला हा वास लपवता येत नाही.

रोज सारखंच खोल जातात का?

नाही. पाणी गढूळ असेल तर माशांनाच नीट दिसत नाही, मग फार खाली जायची गरज उरत नाही. पाणी नितळ असेल तर जास्त खोल जावं लागतं. म्हणजे पावसाळ्यातलं लालसर पाणी आणि हिवाळ्यातलं स्वच्छ पाणी, यांत या जिवांचं गणित बदलतं. खोल जाण्यालाही मर्यादा असते. अनेक खोल जलाशयांत उन्हाळ्यात तळाशी ऑक्सिजन कमी होतो, तिथे श्वास घेणंच अवघड.

आणि समुद्रात?

कोयनेचं बरंचसं पाणी वीज तयार करून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरतं आणि वाशिष्ठी नदीतून दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळतं. त्या समुद्रातही हाच खेळ चालतो, फक्त शेकडो मीटरच्या अंतराने.

दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, कॅलिफोर्नियाजवळ ध्वनिलहरींनी खोली मोजताना खोल समुद्रात मध्येच एक 'खोटा तळ' लागत होता. 1945 मध्ये मार्टिन जॉन्सन यांनी दाखवलं, की हा थर रात्री वर येतो. म्हणजे तो तळ नव्हता, जिवंत प्राण्यांचा थर होता!

यात आपलाही फायदा आहे. हे जीव वर खातात आणि खाली विष्ठा टाकतात, त्यामुळे हवेतून समुद्रात आलेला काही कार्बन खोलवर जातो.

मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे रात्रीच्या दिव्यांची. अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका तलावात 2000 च्या सुमारास प्रयोग झाला. शहराचा उजेड पडणाऱ्या पाण्यात कमी डॅफ्निया वर आल्या आणि आल्या त्याही कमी उंचीपर्यंत. त्यांच्यासाठी दिवस मावळलाच नव्हता. वर खाणारे कमी झाले की शेवाळ वाढू शकतं आणि पाण्याची प्रत बिघडू शकते.

शिवसागरच्या काठावर मुनावळ्याला 2024 मध्ये जलपर्यटन सुरू झालं. पर्यटक वाढले की हॉटेलं येतात, दिवे येतात. दिवे नकोत असं कुणी म्हणत नाही. पण ते पाण्यावर न रोखता खाली जमिनीकडे वळवले आणि गरज संपल्यावर बंद केले, तर खर्चही वाचतो आणि पाण्यातल्या या जिवांना त्यांची रात्रही मिळते. त्यांचं मुख्य जेवण त्या अंधारातच असतं.